भंडारवाड्याची डावी बाजू

न्हाव्याच्या हातातला दुसरा आरसा.

एकाच खोक्यातून निघालेले बूट. डावा अंगठ्यापाशी फाटलेला, उजवा जवळजवळ नवा.

दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेली निळी चादर.

गोलकीपर जागचा हलत नाही, ही जुनी तक्रार.

फादर खुर्चीवर येऊन बसले की शिव्या बंद.

कोच म्हणजे जावई. येताना हार, जाताना कुणी दारापर्यंतसुद्धा येत नाही.

चादर घालणाऱ्या बाईचा हात तोंडाकडे गेला.

लालबागच्या सलूनमध्ये लवू परब खुर्चीत बसला होता. कटिंग झाली होती, न्हावी मानेवरचे केस ब्रशने झटकत होता, आणि तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. भंडारवाडा ॲथलेटिक या फुटबॉल क्लबच्या ग्रुपवर सेक्रेटरी ॲन्टोनेट हिचा मेसेज होता. या सीझनपासून सीनियर टीमची कोच आकांक्षा परब. खाली टाळ्या वाजवणारे हात. त्याखाली कुणीतरी विचारलेलं, जेन्ट्स टीमला लेडीज कोच? त्याखाली कुणीतरी त्याला गप्प बस म्हटलेलं. आणि त्याखाली, लवूकाका, तुमचं मत? हे वाचून त्याने मान वर केली तर न्हाव्याने मागे दुसरा आरसा धरलेला. "बघा काका, बरोबर आहे ना?" समोरच्या आरशात लवूला मागचा आरसा दिसला आणि त्यात एक म्हातारा माणूस, पाठमोरा. डोक्यावर वाटीएवढं टक्कल, मानेला दोन वळ्या, वळ्यांच्या मध्ये एक चामखीळ. ही चामखीळ आपली आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही, ती लोकांना दिसते. आकांक्षाला दिसली होती. ती एवढीच दिसली असेल का, की तेव्हा केस जरा जास्त होते? "काका, बरोबर आहे ना?" न्हाव्याने पुन्हा विचारलं. लवू म्हणाला, "काढ तो आरसा."

आकांक्षा त्याची एकुलती एक मुलगी. काही वर्षांपासून ती शीव कोळीवाड्यात मैत्रिणीबरोबर राहत होती. भांडण झालं नव्हतं. भांडण असतं तर गणपतीला, नाहीतर कुणाच्या तरी बाराव्याला मिटलं असतं. ती सणाला घरी यायची, आईच्या हातचं जेवायची, भांडी घासून जायची. लवूने फोन उचलला तर म्हणायची, आईला दे. एवढंच. त्यात राग नव्हता, आणि लवूला रागाची फार भूक लागली होती.

लवूची मतं लालबागपासून माझगावपर्यंत सगळ्यांना माहीत होती. गोदीत क्रेनवर नोकरी केली तेव्हा केबिनमध्ये एकटा बसून तो मनातल्या मनात टीम लावायचा आणि खाली उतरला की आर्थरला ऐकवायचा. आर्थर माझगावचा, गोदीतच फिटर, लहानपणापासून भंडारवाड्याचा भक्त. त्यानेच लवूला पहिल्यांदा टेकडीखालच्या मैदानावर ओढून नेलं. लवूच्या घरी, चाळीत, सगळं क्रिकेट. मालवणहून आलेल्या माणसाला फुटबॉलचं काय, म्हणून वडील हसले होते. पण त्या सिमेंटच्या पायऱ्यांवर लवू बसला तो बसलाच. मत: गोलकीपरने लाईन सोडायला पाहिजे. मत: कॉलिन फॉरवर्ड चांगला, पण लग्नानंतर बॉल छातीऐवजी पोटावर घेतो. मत: गोव्याहून आणलेला कोच नुसता ओरडायचा, त्याच्यानंतरचा नुसता लॅपटॉप उघडायचा, एकाचं पोरांनी ऐकलं नाही, दुसऱ्याचं त्यांना कळलं नाही. आणि सगळ्या मतांच्या वर एक मत, जे कुठल्याही सीझनला, कुठल्याही हरण्याला लागू पडायचं: भंडारवाड्याची डावी बाजू उघडी आहे. डाव्या पायाचा खरा बॅक, डावीकडचा बचाव सांभाळणारा, या क्लबला कधी मिळालाच नाही. सगळे उजव्या पायाचे, डावीकडे नेऊन बसवलेले, भाड्याच्या खोलीत राहिल्यासारखे. "देवाने एक डावा पाय द्यावा," लवू म्हणायचा, "मग बघा." मग देवाने दिला. लवूच्याच घरी दिला. असं तो सगळ्यांना सांगायचा. चहाच्या टपरीवर, गोदीच्या कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत. देवाची देणगी हो, जन्मजात डावखुरी. त्याची बायको कमल त्या वेळी जवळ असली तर उठून आत जायची, किंवा पंगतीत असली तर पानातलं मीठ बोटाने सारखं करत बसायची.

त्या पायऱ्यांची एक रीत होती. पूर्वी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून पॅरिशचे फादर मॅच बघायचे, आणि फादरसमोर शिव्या कशा द्यायच्या? म्हणून एखादा खेळाडू फारच वाईट खेळायला लागला की लोक उभे राहायचे आणि त्याच्याकडे पाठ करायचे. आवाज नाही, काही नाही. सगळ्या पायऱ्या पाठमोऱ्या. कोच बघायचा, समजायचा आणि त्याला बाहेर काढायचा. जोपर्यंत काढत नाही तोपर्यंत कुणी वळायचं नाही, कितीही मोह झाला तरी. पुढे फादर गेले, नवे फादर टीव्हीवर इंग्लंडची मॅच बघणारे निघाले, पण रीत राहिली. आणि पहिली पाठ कुणी द्यायची, याचाही मान असायचा. ज्याला सगळ्यात जास्त कळतं त्याने. मालवणी असून हा मान लवूकडे आला, तेव्हा आर्थरने त्याला ताडदेवला नेऊन बिर्याणी खिलवली होती.

तो दिवस. (त्या दिवसाकडे लवू कधी सरळ जात नाही. बाजूने जातो, विंगर जातो तसा.) बायकांच्या लीगची मॅच, ऊन, पायऱ्या भरलेल्या, कारण भंडारवाड्याच्या मुली त्या वर्षी जेन्ट्स टीमपेक्षा बऱ्या खेळत होत्या. आकांक्षा डावीकडे बॅक. पहिला हाफ ठीक. दुसऱ्या हाफमध्ये समोरची ॲलिसन नावाची मुलगी तिला मागे टाकून गेली, मग पुन्हा गेली. आकांक्षा परत यायला उशीर करत होती, मधेच वाकून गुडघ्यावर हात ठेवत होती. लवूला वाटलं, आळस. दम वाचवतेय. मागून कुणीतरी म्हणालं, हळूच, पण ऐकू जाईल असं, "आज कुणाला काय दिसत नाय. घरची आहे ना." लवूचे कान तापले. मत: जो बॅक परत येत नाही तो बाहेर, मग तो कुणाचाही पोरगा असो. हे त्याने आयुष्यभर सांगितलं होतं. मत काय फक्त दुसऱ्यांच्या पोरांसाठी असतं? तो उभा राहिला. आर्थर म्हणाला, "लवू, नको मॅन, पोरगी हाय ती." आणि लवू वळला. त्याच्यामागे पायऱ्यांवर कपड्यांची सळसळ झाली. एक एक करून सगळे वळले, आणि आपण निःपक्षपाती आहोत या विचाराने त्याची छाती भरून आली, अगदी खरंच भरून आली, हे त्याला अजून आठवतं आणि याचंच त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. समोर मैदानामागची बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर एक बाई निळी चादर वाळत घालत होती, तोंडात चिमटा. मागून आवाज आला. रे रोडच्या वखारीत ओंडक्यावर ओंडका पडतो तसा, पण लहान. मग शिट्टी. मग काहीच नाही. लवूला वाटलं, बदलत असतील. रीत म्हणजे रीत, तो वळला नाही. बाईचा हात तोंडाकडे गेला, चिमटा खाली पडला, चादर अर्धी कठड्यावरून लोंबू लागली. ती मैदानाकडे बघत होती आणि लवू तिच्याकडे. आपली मुलगी कोसळताना त्याने पाहिली ती अशी, एका अनोळखी बाईच्या चेहऱ्यावर. आर्थरने खांदा धरून त्याला वळवलं तेव्हा स्ट्रेचर निम्म्या मैदानापर्यंत आलं होतं.

गुडघा गेला. डावा. डॉक्टर म्हणाले, आधीपासून दुखत असणार, हिने सांगितलं कसं नाही? ऑपरेशनआधी आकांक्षाने एकच गोष्ट विचारली. ती आईला नाही, लवूला विचारली, कारण घरात फुटबॉल कळणारा तोच. "पप्पा, फाऊल होता ना रे?" इतकी साधी गोष्ट. तिच्या आवाजात लहानपणीचं सगळं होतं, मॅचहून परत येताना भायखळ्याच्या पुलावर प्रत्येक पासबद्दल भांडायचे दोघं, तेव्हाचं. लवूने तोंड उघडलं. ज्या माणसाला इंग्लंडच्या रेफ्रीबद्दल मत होतं, ब्राझीलच्या बॅकबद्दल मत होतं, त्याच्याकडे या एका टॅकलबद्दल मत नव्हतं. त्याने ती पाहिली नव्हती. "बाळा, मी..." तो म्हणाला. तिने भिंतीकडे तोंड केलं. पुढे ती बरी झाली, किंचित लंगडत का होईना चालू लागली, कोचिंगचे कोर्स केले, कुठल्याशा शाळेत मुलींना शिकवलं, बाहेरगावी जाऊन लायसन्स काढलं. हे सगळं लवूला कमलकडून कळायचं, डाळीत मीठ कमी आहे हे कळतं तसं.

सलूनमधून बाहेर पडला तर आर्थरचा फोन. "लवू, वाचलास? तुझी पोरगी बॉस झाली मॅन."

"वाचला."

"ग्रुपवर सगळे विचारतायत. लवूचं मत काय, लवूचं मत काय. टाक ना कायतरी."

"काय टाकू?"

"च्यायला, आता विचारतोस? कोच बदलला की तू निबंध लिवायचास. लॅपटॉपवाल्याला तर तू आल्या आल्या घालवलास."

"कोच चांगली आहे," लवू म्हणाला.

"तू तिचं कोचिंग कधी बगितलास?"

लवूने फोन ठेवला. चिवडा गल्लीतून तळणीचा वास येत होता आणि त्याला एकदम आठवलं की आकांक्षाला मक्याचा चिवडा आवडतो, की आवडायचा, की तो त्यालाच आवडायचा आणि ती त्याच्याबरोबर खायची? त्याने पाव किलो घेतला.

घरी कमल कढीसाठी कोकमाची सोलं भिजत घालत होती. तिला बातमी आधीच ठाऊक होती. "तिनं माका काल सांगल्यान," ती म्हणाली. मग म्हणाली, "मॅच रविवारी आसा. जाशात ना?"

"तिला चालेल का?"

"ॲन्टोनेटनं विचारल्यान तिका. म्हणाली, येऊ देत. पायऱ्ये सगळ्यांचे आसत."

सगळ्यांच्या आहेत. लवूने ते वाक्य दिवसभर तोंडात घोळवलं. बोचत नव्हतं, विरघळतही नव्हतं. माळ्यावरून त्याने तिच्या जुन्या बुटांचं खोकं काढलं, कशासाठी ते त्याचं त्यालाच माहीत नाही. डावा बूट अंगठ्यापाशी फाटलेला, उजवा जवळजवळ नवा. कमल म्हणाली, "ठेवा ते थंयच." ठेवले.

रविवारी तो लवकर गेला. पायऱ्यांवर चुन्याचा नवा हात मारला होता, नेहमीच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं, मान अजून राखला होता. आकांक्षा लाईनवर उभी होती, निळं जॅकेट, केस कापलेले, डाव्या पायावर भार न देता. पायऱ्यांकडे तिची पाठ होती. मैदानाकडे तोंड म्हणजे पायऱ्यांकडे पाठ, कोचला दुसरं काही करताच येत नाही, हे लवूने स्वतःला समजावलं. तिची पाठ त्याने नीट पाहिली. डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली. हा केव्हा उतरला? लंगडण्यामुळे उतरला असणार. मत नाही. नुसतं बघणं.

मॅच सुरू झाली आणि मतं आलीच, ती काय थांबतात? फोर-थ्री-थ्री, पुढे तिघे, म्हणजे धाडस. गोलकीपर नवा, आणि चमत्कार म्हणजे तो लाईन सोडतो. कॉलिनला तिने मागे, मधे खेळवलंय, आणि पोट असूनही तो तिथे शोभतोय. हे इतक्या वर्षांत आपल्याला कसं सुचलं नाही? अभिमानाने त्याने आर्थरला कोपर मारलं. आणि मग डावीकडे त्याची नजर गेली. सुशांत नावाचा पोरगा, शिवडीचा. उजव्या पायाचा. बॉल डावीकडे आला की पोरगा वळून, एक पाऊल जास्त घेऊन, उजव्यावर आणत होता. तेवढ्यात समोरचा अंगावर. एकदा बॉल गेला, दोनदा गेला, तिसऱ्यांदा गोल झाला. पायऱ्यांवर हुंकार उठला. "उजव्याला डावीकडे ठेवतात का?" "लवूकाका, तुमचं ते भाड्याच्या खोलीचं झालं बघा." हसले. लवूच्या ओठांवर शब्द आलेच होते, डावा, अरे डावा पाय वापर, की लाईनवरून आकांक्षाचा आवाज आला, खणखणीत, त्याच्याच घरातला, "सुशांत! तुझ्या पायाने! घाबरू नको, तुझ्याच पायाने खेळ!"

लवूची नजर तिच्या डाव्या पायावर गेली.

पोरगा पुन्हा चुकला. आता पायऱ्यांवर ती जुनी शांतता पसरू लागली जिचा अर्थ इथे सगळ्यांना कळतो. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. सगळे लवूकडे बघत होते. त्याच्या मानेवर, त्या चामखिळीवर, त्याला नजरा जाणवत होत्या. पहिली पाठ त्याची. आर्थर हळूच म्हणाला, "काय करतोस, लवू? पोरगा बुडवतोय तिला. पाठ दिली तर तिचाच फायदा, बदलेल ती." आणि हे खरं होतं. हे त्याचंच मत होतं, शब्दाला शब्द. बॅक बाहेर काढला तर मॅच वाचेल, पहिली मॅच वाचली तर तिची नोकरी वाचेल, ग्रुपवरची तोंडं बंद होतील. बापाने कोचला मदत केली असं होईल. लवू उभा राहिला, कारण बसून राहणं त्याला झेपेना, आणि उभा राहिल्याबरोबर मागे सळसळ झाली. लोकांनी त्याची वाट न बघताच वळायला सुरुवात केली. आर्थरसुद्धा, "सॉरी मॅन" म्हणून, वळला. सगळ्या पायऱ्या. एकटा लवू मैदानाकडे तोंड करून, दोन्ही हात बाजूला सोडून, शाळेत उभं केल्यासारखा.

ती शांतता आकांक्षाला ऐकू गेली असणार. एकदा मैदानात उभं राहून तिने ती ऐकली होती. ती वळली. पायऱ्यांवरून तिची नजर खालून वर गेली, पाठी, पाठी, पाठी, आणि मधे एक तोंड. लवूच्या मनात कितीतरी गोष्टी एकदम आल्या. हात करावा, नको. मान हलवावी, नको. तिला कळेल का की आपण वळलो नाही, की तिला वाटेल, उलटा उभा आहे, रीत मोडून चिडवतोय? तिने त्याला पाहिलं. पाहिलं एवढं नक्की. बघितलं आणि नजर पुढच्या रांगेकडे नेली, जशी इतर पाठींवरून नेली होती तशीच, त्याच गतीने. मग ती पुन्हा मैदानाकडे वळली. सुशांतला तिने काढलं नाही. लोक पाठ करून उभेच राहिले, ताटकळले, काही जण तसेच घरी निघून गेले. आणि शेवटच्या काही मिनिटांत सुशांतने उजव्या पायाने, डावीकडून आत वळत, लांब एक बॉल मारला, कॉलिनच्या डोक्यावर, आणि बरोबरी झाली, ती संपूर्ण पायऱ्यांमध्ये एकट्या लवूने पाहिली. तो ओरडला नाही. ओरडायला बाजूला कुणाचं तोंडच नव्हतं.

गेटपाशी तो थांबला. चिवड्याची पुडी खिशात, तेल कागदाला लागलेलं. ती बॅग घेऊन आली, पाय ओढत, थकलेली. ॲन्टोनेट बरोबर होती, ती दोघांना बघून उगाचच फोनवर बोलत पुढे गेली.

"आज मी सगळं पाहिलं," लवू म्हणाला.

"हो. दिसलात." ती म्हणाली. तुम्ही म्हणाली, पायऱ्यांवरच्या कुठल्याही काकांना म्हणावं तसं. मग, कदाचित नुसती रीत म्हणून, "डावीकडचा पोरगा कसा वाटला?"

इतक्या वर्षांनी तिने मत विचारलं होतं. लवूला घाई झाली. "चांगला आहे. पास तर एक नंबर. पण पाय उजवा आहे त्याचा. डावीकडे कशाला ठेवलास?"

"त्याला तिथे आवडतं," आकांक्षा म्हणाली. "मी विचारलं त्याला."

तिने बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. लवूने खिशातली पुडी काढून पुढे धरली. तिने ती घेतली, थँक्यू म्हणाली, "आईला सांगा, बुधवारी येते," म्हणाली, आणि डॉकयार्डच्या दिशेने चालू लागली. तो तिच्या पाठीकडे, त्या उतरलेल्या डाव्या खांद्याकडे, ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. तिने वळून पाहिलं नाही.

आकांक्षा जन्माने उजव्या पायाची होती. ती लहान असताना लवूने चाळीच्या गॅलरीत तिचा उजवा पाय कमलच्या जुन्या साडीच्या पट्टीने कठड्याला बांधला, आणि डाव्याकडे बॉल टाकत राहिला.